तेरावरून साडेदहा: पिकअपचं ॲव्हरेज नेमकं कुठे गळतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ची डिझेल पिकअप, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारं), बीएस फोर, मीटरवर १ लाख ६० हजार किलोमीटर. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरायचा, वाशीला खाली करायची, येताना बहुतेक वेळा रिकामी कॅरेट. दोन वर्षांपूर्वी जाऊन-येऊन लिटरला १३ पडायचे, आता साडेदहा. धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही, गाडी ओढतेही नीट. गॅरेजवाला म्हणतो, चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) करून घ्या. करावेत का?

आत्ता करू नका. उत्तर तुमच्याच प्रश्नात दडलंय: धूर नाही आणि गाडी ओढते. डिझेल इंजिनात डिझेल वाया जातं तेव्हा ते अर्धवट जळतं आणि काळा किंवा पांढरा धूर होऊन बाहेर पडतं, नाहीतर ताकद कमी होते. तुमच्याकडे दोन्ही नाही. म्हणजे डिझेल बहुधा नीट जळतंय, त्यातून कामही होतंय, पण ते काम माल ओढण्याऐवजी दुसरीकडे कुठेतरी खर्च होतंय. त्यामुळे शोध इंजिनाच्या बाहेरून सुरू करायचा. इंजेक्टरचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी हिशोब उलटा मांडा. 'लिटरला किती' हा आकडा पंपावर बोलायला बरा, पण बिघाड शोधायला गैरसोयीचा, कारण त्यात कारणांची बेरीज करता येत नाही. शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते काढा. १३ चं ॲव्हरेज म्हणजे १०० किलोमीटरला ७.७ लिटर. साडेदहाचं म्हणजे ९.५ लिटर. म्हणजे दर शंभर किलोमीटरला साधारण पावणेदोन लिटर जास्त जातंय, आणि आपल्याला तेवढंच शोधायचंय. हळूहळू उतरलेल्या ॲव्हरेजमागे एकच मोठं कारण क्वचित सापडतं. पाव लिटर इथे, अर्धा तिथे, असं तीन-चार ठिकाणी मिळून भरतं. म्हणून एक दोष सापडला की 'मिळालं' म्हणून थांबू नका, पावणेदोनातून तेवढे वजा करा आणि पुढे चला.

आता हे पावणेदोन लिटर खरे आहेत का ते बघू. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर, गाडी सपाट जागी उभी करून, बंदूक पहिल्यांदा आपोआप कट होईल तिथेच थांबायचं. डिझेलला फेस येतो. वरून टिचक्या मारत भरलं की एका वेळी लिटरभर इकडे-तिकडे होतं, आणि तीस लिटरच्या भरण्यात लिटरभर म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त चूक. म्हणून एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, सलग तीन-चार भरण्यांचे लिटर आणि किलोमीटर एकत्र करून भागाकार करा. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथे वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते मागून मोजून बघता येतं. भांडायची गरज नाही, तो ग्राहकाचा हक्क आहे.

किलोमीटरही तपासायला हवेत, आणि ही गोष्ट फार जण विसरतात. दोन वर्षांत टायर बदललेत का? मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. समजा मूळ टायर २१५/७५ आर १५ होता. त्याचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. कोणीतरी 'भारी दिसेल, लोडला बरा' म्हणून २३५/७५ आर १५ टाकले, तर व्यास ७३३ झाला. चाक चार टक्क्यांनी मोठं, म्हणजे गाडी १०४ किलोमीटर गेली तरी मीटर १००च दाखवणार. चार टक्के ॲव्हरेज नुसतं कागदावर उतरलं, डिझेल एक थेंबही जास्त गेलं नाही. मापाचेच नवे टायर टाकले तरी थोडा फरक पडतो: आठ मिलिमीटर नक्षी झिजलेला टायर नव्यापेक्षा दोन टक्क्यांहून थोडा जास्तच लहान असतो, म्हणजे झिजक्या टायरवरचं जुनं १३ मुळात फुगलेलं असू शकतं. फोनच्या जीपीएसवर पन्नासेक किलोमीटर चालवून मीटरशी ताळा करा आणि पुढचा सगळा हिशोब त्या दुरुस्तीने करा. टायर मोठे निघाले तर पावणेदोनातले चार दशांश लिटर इथेच गेले.

दुसरा ताळा कामाचा. गाडी तीच, रस्ता तोच, पण काम तेच आहे का? तुमच्या रस्त्यात एक गंमत आहे: भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. १३ चा आकडा त्यामुळेच चांगला पडत होता. गेल्या काही महिन्यांत परतीचं भाडं मिळायला लागलं असेल, खत, सिमेंट, किराणा काहीही, तर हिशोब पार बदलतो. जास्तीचा दीड टन माल ५०० मीटर उंच चढवायलाच अर्ध्या लिटरच्या पुढे डिझेल लागतं, आणि सपाटीवर त्या दीड टनाचा ओढा म्हणून शंभर किलोमीटरला लिटरभर तरी वेगळं. तो बिघाड नव्हे, त्याचं भाडं तुम्ही घेतलंय. रिकाम्या कॅरेटकडेही बघा. केबिनच्या वर चार थर रचून, ताडपत्री न बांधता आणलेली कॅरेट म्हणजे वाऱ्यात धरलेलं सूप. थर केबिनच्या उंचीइतकेच ठेवा, ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्रीही डिझेल खाते.

वेगाचंही तसंच. रस्ता रुंद झाला, खड्डे कमी झाले, की ड्रायव्हरच्या नकळत ६० ची चाल ८० होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० वरून ८० ला गेलं की पावणेदोन पट. ट्रॅकर बसवलेला असेल तर जुन्या आणि आताच्या फेऱ्यांचा सरासरी वेग आणि उभ्या गाडीवर इंजिन चालू राहिल्याचा वेळ काढून बघा. अडीच लिटरचं इंजिन नुसतं उभ्यावर चालू ठेवलं तर तासाला पाऊण ते एक लिटर पितं. बाजार समितीच्या गेटवर रांगेत दोन तास इंजिन चालू, तर तीनशे किलोमीटरच्या फेरीत शंभर किलोमीटरमागे अर्धा लिटर तिथेच गेलं. हे ड्रायव्हरला रागावून विचारू नका, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही. वाशीत ताटकळत बसणं त्याच्या हातात नसतं.

हे सगळं वजा करूनही लिटरभर उरलं, तर मग पाना उचलायचा. पण त्याआधी एक चाचणी करा, तिला अवजार लागत नाही. तिच्यावरून दोष चाकांकडे आहे की इंजिनाकडे, ते कळतं.

पहाटे मोकळा, सपाट, सरळ रस्ता बघा. गाडी रिकामी, वीसेक किलोमीटर चालून गरम झालेली. ५० च्या वर वेग नेऊन न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा (बंद केलंत तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातील), आणि ४० पासून १० पर्यंत वेग उतरेपर्यंत गाडी किती अंतर गेली ते मोजा. मग त्याच तुकड्यावर उलट दिशेने. दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे वारा आणि उतार कटतात. निरोगी गाडी अडीचशे-तीनशे मीटरच्या आसपास जाते. पण या आकड्यावर फार विसंबू नका, रस्त्याच्या पृष्ठभागाने तो बदलतो. त्याच मॉडेलची, चांगलं ॲव्हरेज देणारी ओळखीची गाडी आणून त्याच रस्त्यावर, त्याच सकाळी तुलना करणं सगळ्यात उत्तम. तुमची गाडी स्पष्टपणे लवकर थांबली तर दोष चाकं, ब्रेक, टायर, बेअरिंग, एक्सल यांत. दोघी सारख्या गेल्या तर इंजिन, पंखा, क्लच यांच्याकडे बघायचं.

तुमच्या गाडीत मला पहिला संशय ब्रेकचा आहे, आणि तो घाटामुळे. भरलेली गाडी रोज माळशेज उतरते, म्हणजे पुढचे कॅलिपर, म्हणजे चाकाच्या चकतीवर ब्रेकचे पॅड दाबणारे भाग, रोज तापतात. उष्णतेने पिस्टनचं रबर कडक होतं, त्यामुळे पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे येत नाही. वर पावसाळ्यात घाटात चार महिने पाणी. कॅलिपरच्या सरकत्या पिनांचं ग्रीस धुऊन जातं, पिना गंजून जाम होतात, एक पॅड कायम घासत राहतो. गाडी एका बाजूला ओढेलच असं नाही. दोन्ही बाजू सारख्या जाम झाल्या तर स्टिअरिंगला काहीच कळत नाही.

तपासायचं असं. ब्रेक कमीत कमी वापरून दहा किलोमीटर चालवा, हँडब्रेकने हळू थांबा आणि लगेच चारही चाकांच्या हबचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हाताची पाठ रिमजवळ न्या, टेकवू नका. एकाच एक्सलच्या दोन चाकांत वीस-पंचवीस अंशांचा फरक म्हणजे गरम बाजूला घर्षण आहे. मागचे ड्रम एवढ्या चालवण्यात कोमटच राहायला हवेत. मग जॅक लावा. पुढचं चाक उचलून टायरभोवती दोरी गुंडाळा, दोरीच्या टोकाला गोण्या तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवा आणि सावकाश ओढा. चाक फिरत असताना काटा काय दाखवतो ते वाचा. एक-दोन किलो ठीक. टायरच्या कडेला दहा किलोचा ओढा असेल, तर तेवढ्यानेच शंभर किलोमीटरला पाऊण लिटरच्या वर डिझेल जातं. दहा किलोचा ओढा हाताला फार वाटत नाही, चाक ढकललं की फिरतं आणि मेकॅनिक 'फ्री आहे' म्हणून मोकळा होतो. म्हणून काटा.

घासणारं चाक सापडलं की लगेच कॅलिपर बदलू नका. आधी जॅकवरच त्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा सैल करा. थेंबभर ऑइल जोरात बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर दोष कॅलिपरचा नाही, ऑइलचा दाब मागे अडकून राहतोय. कारणं दोन. एक, रबरी होज आतून सुजलेला: पेडल दाबताना ऑइल जातं, परत यायला वाट नाही. एकच चाक धरत असेल तर हेच समजा. दोन, मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या दांडीला) मोकळीक उरलेली नाही, त्यामुळे ऑइल गरम होऊन फुगलं की ब्रेक आपोआप लागतात. यात दोन्ही पुढची चाकं, कधी चारही, तापल्यावरच धरतात आणि थंड झाल्यावर सुटतात. गॅरेजमध्ये सकाळी तपासली तर हा दोष कधीच सापडणार नाही. निपल सैल करूनही चाक घट्टच राहिलं, तर मात्र पिस्टन किंवा पिना. पिना काढून गंज साफ करा, ब्रेकसाठीचंच सिलिकोन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच.

मागे ड्रममध्ये बहुतेकदा माणसाचीच चूक असते. हँडब्रेक लागत नाही म्हणून कोणीतरी केबल ताणून ठेवलेली असते, आणि लायनर कायम ड्रमला टेकलेले. केबल पूर्ण सैल करून आधी ॲडजस्टरने लायनरचं अंतर लावायचं, केबल शेवटी. केबल गंजून आतच अडकत असेल तर तेल सोडून वेळ काढू नका, बदला. बेअरिंगचंही असंच: बॉल किंवा टेपर रोलर बदलल्यावर नट 'जरा घट्ट' आवळला की चाक जड होतं. कंपनीच्या पुस्तकात दिलेला टॉर्क आणि नंतर किती मागे फिरवायचं ते पाळा.

टायरच्या हवेबद्दल नवीन काही सांगायचं नाही, दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा असतो, तोच थंड टायरला सकाळी भरायचा. फक्त एवढं लक्षात घ्या की वाशीला पोचलेल्या गरम टायरमधली हवा 'जास्त झाली' म्हणून काढणारे बरेच असतात, आणि मग परतीला टायर बसतो. जुन्नरच्या डिसेंबरमध्ये तापमान दहा अंशांनी उतरलं तर ६० पीएसआयच्या टायरमध्ये दोन-अडीच पीएसआय कमी होतात. थंडी सुरू झाली की एकदा बघून घ्या.

अलाइनमेंट मात्र हाताने तपासा. पुढच्या टायरच्या नक्षीवर तळहात बाहेरून आत आणि आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत, दुसरीकडे करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. आणि मागचा एक्सल सरळ आहे का? पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट सैल पडले की एक्सल एका बाजूला सरकतो, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि चारही टायर थोडे थोडे घासत जातात. दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेपने मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पाटे बघा. ओव्हरलोड झालेल्या गाडीत हे हमखास असतं, आणि अलाइनमेंटच्या दुकानात फक्त पुढची चाकं बघून सोडून देतात.

न्यूट्रलच्या चाचणीत गाडी नीट घरंगळली, तर बॉनेट उघडा. तरीही इंजेक्टर नव्हे, आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

आपल्याकडे गाडी एकदा उन्हाळ्यात गरम झाली की 'वॉल काढून टाका' हा सर्रास दिला जाणारा सल्ला. वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरम होत नाही हे खरं, पण कामाच्या तापमानालाही कधी पोचत नाही. थंड इंजिनात ऑइल जाड राहतं, सिलिंडरच्या भिंतींकडून जास्त उष्णता पाण्यात जाते, आणि कॉम्प्युटर 'इंजिन अजून थंड आहे' समजून त्या हिशोबाने डिझेल सोडत राहतो. दिवा लागत नाही, धूर दिसत नाही, गाडी ओढते. तुमच्या लक्षणांशी हे तंतोतंत जुळतं. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, अनेक गाड्यांत तो मुद्दाम मधेच स्थिर राहील असा बसवलेला असतो. स्कॅनर लावून चालत्या गाडीत कूलंटचं तापमान बघा. हायवेला ८० ते ९० च्या दरम्यान राहायला हवं. ६० ते ७० वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. स्कॅनर नसेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. पहिल्या मिनिटापासून होज हळूहळू कोमट होत गेला तर दोष आहे. निरोगी थर्मोस्टॅटमध्ये होज बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून तापवा, त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. आणि गाडी गरम होत होती तर त्याचं खरं कारण, म्हणजे रेडिएटरमधला गाळ, ढिला बेल्ट, वॉटर पंप, ते दुरुस्त करूनच नवा थर्मोस्टॅट बसवा.

पंखाही याच जोडीतला. व्हिस्कस कपलिंगचा (इंजिन तापलं तरच पूर्ण जोराने फिरणारा) पंखा असेल आणि कपलिंग आतून जाम झालं असेल, तर पंखा कायम इंजिनच्या वेगाने फिरतो आणि इंजिनाची ताकद हवेत घालवतो. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर घोंगावून शांत होतो, ते ठीक. दिवसभर गिअर बदलताना विमानासारखा आवाज येत असेल तर कपलिंग गेलं. कोणी त्याला वेल्ड किंवा बोल्ट मारून पक्का केला असेल तर प्रश्नच मिटला, ते काढा.

क्लचची चाचणी सोपी आहे आणि ती आकड्यांत होते. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचं प्रमाण ठरलेलं असतं, माल असो वा नसो, चढ असो वा उतार. सपाटीवर ५० च्या वेगाला पाचव्यात किती आरपीएम आहे ते जीपीएसच्या वेगाशी जुळवून लिहून ठेवा. मग भरलेली गाडी हलक्या चढावर त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. आरपीएम शंभरानेही जास्त दिसला तर क्लच घसरतोय. वास येईपर्यंत थांबायचं नसतं. वास येतो तेव्हा प्लेट संपलेली असते, ॲव्हरेज त्याच्या बरंच आधीपासून उतरत असतं.

हवेच्या बाजूला तुमच्या बाबतीत मी कमी वेळ घालवेन, कारण गाडी ओढते. पण एअर फिल्टर काढून बघणं दहा मिनिटांचं काम आहे. कंप्रेसरच्या पूर्ण दाबाने फुंकू नका, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि तीच धूळ टर्बो खाते. दोन बारपेक्षा कमी दाब, आतून बाहेर. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज हाताने चाचपा. क्लिपजवळ तेलकट धुळीचा गोल दिसला तर तिथून दाबाची हवा गळतेय. ईजीआर वॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) काजळीने अर्धवट उघडा अडकला तर बहुतेक वेळा काळा धूर आणि खालच्या वेगात सुस्ती येते. तुमच्याकडे दोन्ही नाही, त्यामुळे स्कॅनर लावलेलाच आहे तर ईजीआरची मागितलेली आणि प्रत्यक्ष स्थिती जुळते का एवढंच बघा.

बीएस सिक्सच्या गाडीवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी: डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर, किती किलोमीटरला रिजनरेशन करतोय, म्हणजे साठलेली काजळी जाळतोय, ते स्कॅनरवर दिसतं. पूर्वी चारशे-पाचशेला व्हायचं ते शंभर-दीडशेला यायला लागलं, तर फिल्टर राखेने भरलाय किंवा काजळी जास्त बनतेय, आणि प्रत्येक रिजनरेशनला जास्तीचं डिझेल जळतं. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर तेच डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. लगेच ऑइल बदला आणि कारण शोधा. डीपीएफ पोकळ करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे आणि पीयूसीला अडकू शकतं.

तुमच्या गाडीसाठी मी क्रम असा ठेवेन: पहिल्या आठवड्यात जीपीएसचा ताळा आणि टाकीचा हिशोब, मग न्यूट्रलची चाचणी. त्यात ओढा निघाला तर ब्रेक. त्याच फेऱ्यांत स्कॅनरवर कूलंटचं तापमान. क्लचची चाचणी फुकट आहे, कधीही करा. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करायची आणि तीन टाक्या थांबायचं. ब्रेक, थर्मोस्टॅट आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले तर ॲव्हरेज वाढेल, पण कशाने वाढलं ते कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागेल.

आता इंजेक्टर, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. वरचं सगळं करून अर्धा-पाऊण लिटर उरलंच, तर तपासा, पण 'चारही करा' या शब्दांत नव्हे. गॅरेजमध्ये बहुधा रिटर्नची चाचणी करून दाखवतील: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, गरम इंजिन काही मिनिटं चालवायचं, कोणत्या बाटलीत जास्त साठलं ते बघायचं. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर झिजलाय हे खरं. पण ते डिझेल टाकीत परत जातं, जळत नाही. त्याने सकाळी गाडी उशिरा सुरू होईल, रेलचा दाब पडेल, पण ॲव्हरेजमधले पावणेदोन लिटर त्यातून मिळणार नाहीत. ॲव्हरेज खातो तो टोकाला थेंब सोडणारा किंवा तुषार बिघडलेला नोझल, आणि तो रिटर्नच्या बाटलीत दिसत नाही. त्यासाठी स्कॅनरवर उभ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं डिझेलचं करेक्शन, म्हणजे इंजिन एकसारखं चालावं म्हणून कॉम्प्युटर त्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त करतोय तो आकडा, बघा. चार आकडे शून्याच्या आसपास, एकमेकांजवळ असतील तर इंजेक्टर ठीक आहेत, तिथेच थांबा. एकच आकडा बाकीच्यांपासून लांब पळालेला असेल तर फक्त तोच काढून टेस्ट बेंचवर पाठवा. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनही त्याच वेळी बघून घ्या. कमी कॉम्प्रेशनचा सिलिंडरही असाच आकडा दाखवतो, आणि तिथे नवा इंजेक्टर टाकून काही होत नाही.

इंजिन चालू असताना रेलच्या किंवा इंजेक्टरच्या लोखंडी पाइपाचा नट कधीही सैल करू नका, कॉमन रेलमध्ये हजार बारच्या पुढे दाब जातो. सुईसारखी धार कातडीतून आत जाते. जुन्या पंपाच्या गाड्यांत एकेक नट सैल करून सिलिंडर ओळखायची सवय असलेले मेकॅनिक अजून आहेत, त्यांना आधीच अडवा. इंजेक्टर बाहेर काढला की खालचा तांब्याचा वॉशर नवाच टाकायचा, आणि बसवायची जागा काजळीचा कण न ठेवता साफ करायची. नाहीतर दोन महिन्यांत इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि तो पुढच्या वेळी निघतच नाही. बदललेल्या किंवा दुरुस्त केलेल्या इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये त्या सिलिंडरच्या नावावर भरून घ्या. दुरुस्त होऊन आलेल्यासोबत नवा कोड मिळाला असेल तर तोच भरायचा. बिल देण्याआधी स्कॅनरच्या पडद्यावर चारही कोड स्वतः वाचून ताळा करा.